तक्षशिलेचा वकील

भोपाळहून विदिशेकडे निघालेले बहुतेक प्रवासी सांची पाहून परततात. बेस नदीपलीकडचा खांबबाबा राहूनच जातो. मला मात्र तो एकाकी स्तंभ तोरणांइतकाच ओढ लावतो, कारण अंतलिकित या यवन राजाचे नाव नाण्यांबाहेर आढळते ते याच दगडावर.

अलेक्झांडरच्या मागून बाख्त्रियात जी ग्रीक राज्ये उभी राहिली, त्यांचे हे वारस. वायव्य भारतात त्यांचे तीसहून अधिक राजे झाले. कित्येकांचे राज्य काही वर्षांतच आटोपले. भाऊबंदकी अशी, की कोण कोणाचा मुलगा हे ठरविताना नाणेशास्त्रज्ञांची डोकी दुखतात. अंतलिकिताच्या नाण्यांवर सिंहासनस्थ झ्यूस आणि जवळ हत्ती. एका बाजूस ग्रीक, दुसरीस खरोष्ठी अक्षरे. त्यांत तो स्वतःस ‘जयधर’ म्हणवितो.

इ. स. पू. १०० च्या सुमारास या जयधराचा वकील तक्षशिलेहून विदिशेस आला. (पेशवाईतला शब्दच येथे चपखल बसतो.) दियाचा पुत्र हेलिओदोर. त्याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, ब्राह्मी लिपीत आपणांस भागवत म्हणविले. दम, त्याग आणि अप्रमाद यांची थोरवीही कोरविली. पण माझे लक्ष एकाच शब्दाशी अडते. यजमान राजा भागभद्र यास लेखात ‘त्रातार’ म्हटले आहे. भारतीय राजांच्या बिरुदांत हे सहसा आढळत नाही. ग्रीक राजे ‘सोतेर’ म्हणवीत, त्याचेच हे भाषांतर. आपल्या धन्यास नुसते ‘महाराज’, आणि परक्या राजास त्राता! मुत्सद्दी माणूस उगाच इतका वाकत नाही. तक्षशिलेस कुणाच्या तरी पाठबळाची निकड असावी, असे मला वाटते.

१८७७ साली कनिंगहॅम येथे आले, परंतु भक्तांनी चढविलेल्या शेंदराच्या पुटांखाली लेख दडलेला. त्यांनी स्तंभ गुप्तकाळात ढकलला. १९०९ साली ग्वाल्हेर संस्थानचे अभियंते लेक यांनी शेंदूर काढविला, तेव्हा अक्षरे उजेडात आली. (सांची भोपाळच्या नवाबीत, बेसनगर शिंद्यांकडे, मध्ये जेमतेम तीन-चार कोस.) पुढे देवदत्त भांडारकरांनी १९१३ ते १९१५ मध्ये येथे उत्खनन केले. १९६३ ते १९६५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एम. डी. खरे यांना स्तंभाजवळ त्याहूनही जुन्या, लंबवर्तुळाकार देवळाचा पाया लागला. म्हणजे यवन आला तेव्हा देव येथे होताच. त्याने फक्त दारात ध्वज रोवला. शेंड्यावरचा गरुड आता नाही.