एकच तळं, दोन रुग्ण

गणपतीला दहा-बारा दिवस होते. रात्री अकराच्या सुमारास आमच्या सरकारी रुग्णालयात साठीचे एक गृहस्थ आले. पोटात कळा, उलट्या, पातळ जुलाब. धाकट्या भावाच्या फार्महाऊसवर दुपारी माशांचं जेवण झालं होतं. पावसाळ्यात असे रुग्ण रोजच येतात. सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि कागदावर ‘अन्नातून विषबाधा’ असं लिहून मी पुढच्या रुग्णाकडे वळलो.

त्याच जेवणाला आणखी बाराजण होते आणि त्यांच्यापैकी एकालाही काही झालेलं नव्हतं. ही गोष्ट मला त्याच रात्री खटकायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, घरी जायची भाषा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, ‘‘सर, काल संध्याकाळपासून यांना लघवीच झालेली नाही.’’ रक्त तपासलं तर क्रिएटिनीन सहाच्या वर आणि यकृताची विकरंही वाढलेली. साध्या जुलाबाने, तेही सलाईन चालू असताना, मूत्रपिंडं इतक्या झपाट्याने बसत नाहीत. पुन्हा सगळं पहिल्यापासून विचारायला बसलो. बाबा गप्पच होते. शेवटी सून म्हणाली, ‘‘मासा साफ करताना त्यांनी पित्ताची पिशवी मागून घेतली. कच्चीच गिळली. साखर कमी होते म्हणे.’’

मासा होता गवत्या, म्हणजे ग्रास कार्प.

हा मासा आपल्याकडचा नाही. १९५९ मध्ये तो हाँगकाँगहून ओडिशातल्या कटकला आणला गेला आणि तिथून देशभरच्या तळ्यांत पसरला. कटला, रोहू, मृगळ यांच्या सोबतीला तो सोडतात, कारण तो पाणवनस्पती खातो. लहान वयात, पाणी उबदार असेल तर दिवसाला जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं गवत फस्त करतो. कर्जत-खालापूर पट्ट्यात फार्महाऊस वाढली तशी आवारातली तळीही वाढली. तळ्यात शेवाळ आणि पाणवेली माजल्या की कोणीतरी सांगतं, गवत्या सोडा. मालक सोडतात. दोन-तीन वर्षांत पाणवनस्पती साफ होते आणि मग वेगळीच कटकट सुरू होते. गाळ धरून ठेवणारी मुळं उरत नाहीत. माशाने खाल्लेल्यापैकी निम्मंअधिक न पचता विष्ठेतून पाण्यात पडतं, त्यावर हिरवं सूक्ष्म शेवाळ पोसतं. काचेसारख्या पाण्याच्या आशेने मासा सोडावा आणि तळ्याचा चहा व्हावा, अशी गत होते. मग मालक म्हणतात, काढा हे मासे.

त्या फार्महाऊसवर नेमकं हेच झालं होतं. गणपतीला मुंबईहून पाहुणे येणार, त्याआधी तळं स्वच्छ हवं. भातलावणी आटोपलेली, वाडीवरच्या माणसांच्या हाताला काम नव्हतं. चौघं रोजावर आले. पाग टाकला, पण भरल्या गढूळ तळ्यात गवत्या पागात येत नाही. तो सावध असतो, खोल पाण्याला जातो. जाळं ओढायला घेतलं, तर पाच-सहा किलोचे मासे जाळ्यावरून उड्या मारून मागे पडत होते. चौघं सहा तास छातीभर पाण्यात, गुडघाभर गाळात उभे होते. तीन मासे मिळाले. त्यातल्या सर्वांत मोठ्याचं पित्त थोरल्या भावाने गिळलं.

कार्प जातीच्या माशांच्या पित्तात सायप्रिनॉल सल्फेट नावाचं द्रव्य असतं. ते यकृताला आणि त्याहून जास्त मूत्रपिंडाला इजा करतं. काही तासांत उलट्या-जुलाब होतात, मग जरा बरं वाटतं आणि दोन-तीन दिवसांनी लघवी बंद होते. मधला बरं वाटण्याचा काळ माणसाला फसवतो. डॉक्टरलाही फसवतो, हे मी अनुभवावरून लिहितो आहे. चीन, व्हिएतनाम, तैवान इथून असे रुग्ण अनेक वर्षं नोंदले गेले आहेत आणि त्यात गवत्याचं नाव वारंवार येतं. आपल्या देशातही, विशेषतः पूर्वेकडच्या भागात, रोहूच्या पित्ताने मूत्रपिंडं बंद पडलेले रुग्ण सापडले आहेत. कारण सगळीकडे सारखंच: साखर, सांधे, दृष्टी यांवरचं घरगुती ‘औषध’. शिजवल्याने किंवा दारूत मिसळल्याने हे विष मरत नाही. उतारा नाही. डायलिसिसच्या आधाराने मूत्रपिंडांना सावरायला वेळ देणं, एवढंच हातात असतं. माशाचं मांस मात्र निर्धोक असतं, म्हणून बाकीचे बाराजण ठणठणीत होते. साफ करताना पित्त फुटू नये म्हणून आपल्या बायका जपतात ते कडवटपणाच्या भीतीने. ती सवय फार मोलाची आहे.

बाबांना डायलिसिससाठी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तीन आठवड्यांनी ते घरी आले. मूत्रपिंडं सावरली. साखर होती तेवढीच आहे.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओपीडीत वाडीवरचा एक तिशीतला तरुण आला. चार दिवसांचा ताप. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. पोटरीला हात लावला तर कळवळला. गावातल्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या घेऊन त्याने दोन दिवस कामही केलं होतं. ‘‘लघवी कशी होते रे?’’ ‘‘थोडी थोडी. पिवळी.’’ पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, टाचेला भेगा. ‘‘पंधरवड्यात पाण्यात कुठे उतरला होतास?’’

‘‘मासे काढायला, डॉक्टरसाहेब. त्या बंगल्यावर.’’

तेच तळं, तोच दिवस. यालाही मूत्रपिंडाचाच त्रास होता. पण याने पित्त गिळलेलं नव्हतं, मासाही खाल्ला नव्हता. याला लेप्टोस्पायरोसिस झाला होता.

उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून हा जंतू बाहेर पडतो आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात कित्येक आठवडे जगतो. माणसाच्या शरीरात तो शिरतो भेगांतून, ओरखड्यांतून, चिखल्यांतून, डोळ्यांतून. जर्मनीत अडॉल्फ वाईल यांनी १८८६ मध्ये या आजाराच्या गंभीर रूपाचं वर्णन केलं, १९१५ च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी जंतू शोधला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाने माणसं गेली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचलं. तरीही पुष्कळांना तो शहरातल्या गटाराचा आजार वाटतो. खरं तर तो भातखाचराचा, गोठ्याचा, तळ्याचाही आजार आहे. त्या तळ्यात शेजारच्या म्हशी डुंबायला येत होत्या आणि काठावर पेंढ्याची उडवी होती. पेंढ्यात उंदीर नसतील असं गाव मी पाहिलेलं नाही.

पाण्यात उतरल्यापासून साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. पहिल्या आठवड्यात रक्ताची चाचणी नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे आम्ही अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतो. सुरुवातीला डॉक्सीसायक्लिनच्या साध्या गोळ्यांवर भागतं, उशीर झाला तर पेनिसिलीन नाहीतर सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन शिरेतून द्यावं लागतं. घातक ठरतात त्या दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या. आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडावर त्या आणखी घाव घालतात. ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरतं. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगावं, ‘मी अमुक दिवशी चिखलात उतरलो होतो.’ आमचं निम्मं निदान त्या एका वाक्यात असतं.

तरुणाला दहा दिवस ठेवून घेतलं. डायलिसिसची वेळ आली नाही. पुढे महिनाभर त्याला रोजावर जाता आलं नाही आणि फार्महाऊसवरच्या कामाचा एक दिवसाचा रोज त्यातल्या औषधपाण्यालाही पुरला नसता. मालकांना हे कळवलं तेव्हा त्यांनी काही मदत केली, हेही लिहायला हवं.

मालकांचा पुढचा प्रश्न असा होता, ‘‘मग उरलेले मासे कसे काढू? कोणी म्हणतं करंट लावा, कोणी म्हणतं औषध मारा.’’ पाण्यात वीज सोडून मासे धरताना माणसं मरतात, कारण ओल्या अंगाने हातातल्या काठीला तार बांधून पाण्यात उभा असलेला माणूस माशाइतकाच त्या पाण्यात असतो. कीटकनाशक टाकलं तर ते पाणी गुरं पितात, पुढच्या ओढ्यात जातं. पाण्यात विष टाकून मासे मारायला कायद्यानेच मनाई आहे.

मी त्यांना मे महिन्यापर्यंत थांबायला सांगितलं. घाईचं कारणच नाही. गवत्याला अंडी घालायला वाहती नदी लागते, बंद तळ्यात त्याची पिलावळ होत नाही. जेवढे सोडले तेवढेच, किंवा कमीच. उन्हाळ्यात पाणी आटतं, उरलेलं पंपाने गुडघ्याच्या खाली आणता येतं. त्याआधी आठवडाभर पहाटे एकाच कोपऱ्यात कोवळं गवत टाकत राहायचं. वनस्पती संपलेल्या तळ्यातला उपाशी गवत्या तिथे हमखास येतो. मग कोपरा जाळ्याने वेढायचा आणि जाळ्याची वरची कड पाण्यावर हातभर उचलून धरायची, म्हणजे उडी आत पडते. मासे काढल्यावर तळ उन्हात तडकेपर्यंत सुकवला की लेप्टोचा जंतूही राहत नाही, तो कोरडेपणात तग धरत नाही.

माणसांसाठी मी मोजकंच सांगितलं. पायाला जखम किंवा चिखल्या असतील त्याने उतरायचं नाही. एकट्याने उतरायचं नाही, काठावर दोर हवा. गाळात गमबूट घालू नका, त्यात चिखल भरला की पाय निघत नाही. घट्ट बांधलेले बूट आणि लांब पँट बरी. बाहेर आल्यावर साबणाने अंघोळ. उतरणं टळणारच नसेल तर डॉक्सीसायक्लिनचा एक प्रतिबंधक डोस मिळतो, पण तो डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ही गोळी नाही. आणि गोळी घेतली म्हणून नंतर आलेल्या तापाकडे काणाडोळा करायचा नाही.

मेमध्ये त्यांचा फोन आला. पंचवीस सोडले होते, मागच्या वर्षी तीन निघाले, आता सतरा. उरलेले बगळ्यांनी नेले की पावसात सांडव्यावरून ओढ्यात गेले, ते कळायला मार्ग नाही. तो तरुण आला होता, पण या वेळी काठावर दोर धरून. मासे वाडीवर वाटले. थोरले भाऊ खुर्ची टाकून बसले होते आणि साफ करताना निघालेल्या पित्ताच्या सतराही पिशव्या त्यांनी समोर मोजून खड्ड्यात पुरायला लावल्या.