माणिकचा तुकड्या झाला तेव्हा

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीच्या बंडोजी इंगळे यांच्या घरी 30 एप्रिल 1909 रोजी मुलगा झाला. नाव ठेवलं माणिक. पुढे वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला 'तुकड्या' करून टाकलं. पोरगं दुसऱ्या संतांच्या नावाने भजनं म्हणायचं, म्हणून आडकोजींनी त्याला त्याचं स्वतःचं नाव दिलं, असं सांगतात. भाकरीच्या तुकड्यावर भजन म्हणायचा म्हणून तुकड्या, असंही सांगतात. काहीही असो, रत्नाचं नाव गेलं आणि तुकड्याचं चिकटलं. हेच पुढचे तुकडोजी महाराज. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजी जानोरकरांना लोकांनी हातातल्या मडक्यावरून गाडगेबाबा केलं. वऱ्हाडातली ही दोन थोर माणसं. दोघांची आडनावं आज आठवून सांगावी लागतात, आणि दोघांनीही दुसऱ्याने दिलेलं हलकं नाव नाकारलं नाही.

लोक आपल्याकडे कसे पाहतात, त्यावरून माणूस स्वतःला ओळखतो, असं अमेरिकेतल्या चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडलं. त्याआधी 1890 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने लिहून ठेवलं होतं की आपल्याला ओळखणारी जितकी माणसं, तितके आपले सामाजिक 'स्व'. आपल्याकडे खेड्यात नवखं पोर दिसलं की म्हातारा विचारतो, "कोनाचा होय रे बाप्पा तू?" तू कोण, हे तो विचारतच नाही. या प्रश्नात माया आहे हे खरं, पण बाप, गाव, आडनाव असं करत तो जातीपर्यंत पोचतो, हेही तितकंच खरं. म्हणून नाव बदलणं ही त्या काळात फक्त भक्तीची गोष्ट नव्हती. 'तुकड्या' या नावावरून कोणाचीच जात कळत नाही.

म्हाताऱ्याने न विचारलेला 'तू कोण?' हा प्रश्न 1954 मध्ये कुन आणि मॅकपार्टलंड या दोन अमेरिकन संशोधकांनी चाचणी म्हणून कागदावर आणला. 'मी कोण आहे?' याची वीस उत्तरं लिहायची, एवढीच चाचणी. पुढे ती केनियात झाली. तिथले मसाई आणि सांबुरू लोक बहुतेक उत्तरं नात्यांची आणि भूमिकांची देत होते: अमक्याचा मुलगा, तमक्या कुळाचा. अमेरिकन विद्यार्थी लिहीत होते स्वतःचे गुण आणि आवडीनिवडी. यावरून 'पूर्वेचा माणूस समूहात जगतो, पश्चिमेचा एकटा' असा सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण नैरोबीच्या विद्यापीठातल्या मुलांची उत्तरं अमेरिकन मुलांच्या जवळ जाणारी निघाली. देशापेक्षा शहराने आणि शिक्षणाने 'मी' अधिक बदलला. अमरावतीत खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा आणि गावाकडे राहिलेला त्याचा भाऊ यांनी वीस ओळी लिहिल्या, तर त्या सारख्या येतील असं मला वाटत नाही.

स्पर्धा परीक्षेवरून आठवलं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचं अधिकृत नावच 'व्यक्तिमत्त्व चाचणी' आहे आणि तिला 275 गुण आहेत. अर्ध्या-पाऊण तासात व्यक्तिमत्त्व मोजता येतं का, याची शंका मानसशास्त्राला फार जुनी. स्वभावाची पाच मोठी अंगं अभ्यासक मानतात: नव्याची ओढ, शिस्त, बहिर्मुखता, सलोख्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. ही वर्षानुवर्षं बरीच टिकून राहतात. पण 1968 मध्ये, म्हणजे तुकडोजी महाराज गेले त्याच वर्षी, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलने दाखवलं की प्रसंग बदलला की तोच माणूस वेगळा वागतो. सालबर्डीच्या जंगलात एकटा भटकणारा तुकड्या 1935 मध्ये त्याच सालबर्डीला महायज्ञ भरवून प्रचंड जनसमुदाय गोळा करतो आणि त्याच वर्षी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारतो. तो एकलकोंडा की लोकांत रमणारा? गेलेल्या माणसाला असल्या चिठ्ठ्या चिकटवू नयेत हे बरं. ब्रायन लिटल या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं इथे उपयोगी पडतं: मनापासून हवं असलेलं काम हाती असलं, की माणूस मूळ स्वभावाच्या उलटही वागू शकतो, फक्त मध्येमध्ये त्याला एकांतात जाऊन विसावावं लागतं.

स्वभावाचा थर तळाशी, त्यावर उद्दिष्टांचा, आणि त्याच्याही वर आपण स्वतःबद्दल रचलेली गोष्ट, अशी व्यक्तिमत्त्वाची मांडणी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअ‍ॅडम्स करतात. महाराजांच्या बाबतीत मला सगळ्यात वेधक वाटते ती या गोष्टीतली नाममुद्रा. भजन असो की 41 अध्यायांची ग्रामगीता, बोलणारा स्वतःला 'तुकड्यादास' म्हणतो. नामदेव, तुकोबांपासून चालत आलेली ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला चमत्कार दिसत नाही. कवी स्वतःकडेच तिऱ्हाइतासारखा पाहतो, स्वतःला समजावतो, कधी फटकारतोही.

मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये याच्या अगदी जवळची गोष्ट तपासली. लोकांना पाच मिनिटांत भाषणाची तयारी करायला सांगितली, परीक्षक समोर. काहींनी मनात 'मी का घाबरतोय?' असं बोलायचं, काहींनी स्वतःचं नाव घेऊन, दुसऱ्याशी बोलावं तसं. नाव घेणाऱ्यांची भाषणं परीक्षकांना सरस वाटली, आणि मागाहून 'मी कसा चुकलो' हे त्यांनी कमी उगाळलं. दुसऱ्याच्या अडचणीत आपण शहाणा सल्ला देतो, स्वतःच्या अडचणीत मात्र गडबडतो. नावाने हाक मारली की तेवढ्यापुरतं स्वतःलाच दुसरं होता येतं. संतांनी हे मनःशांतीचा उपाय म्हणून केलं असं म्हणणं उथळपणाचं होईल. मुद्रेमागे परंपरा आहे, नम्रता आहे, रचना आपली असल्याची खूणही आहे. पण पुन्हा पुन्हा स्वतःचं नाव तिसऱ्या माणसासारखं घेणाऱ्याच्या मनावर त्याचा काहीच परिणाम झाला नसेल, हेही पटत नाही.

हे झालं एकट्या 'मी'बद्दल. आता गर्दीबद्दल. 11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी अफाट समुदाय मौन पाळतो. गर्दीत माणूस स्वतःला हरवून बसतो आणि खालच्या पातळीला उतरतो, असं गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने 1895 मध्ये ठामपणे सांगितलं आणि ते बराच काळ खरं मानलं गेलं. समाजमानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते मान्य नाही. 'मी' हरवत नाही, त्याची जागा 'आपण' घेतो, असं ते म्हणतात. याच गटाने प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर मुक्काम करणारे 416 कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले 127 जण यांची तुलना केली. थंडी, गोंगाट, अस्वच्छता यांत महिनाभर राहून आलेल्यांनीच आपली तब्येत सुधारल्याचं सांगितलं.

अर्थात 'आपण' दंगलीतही असतोच. जमाव कसा वागेल, हे त्या 'आपण'मध्ये कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं यावर ठरतं. गुरुकुंजातल्या सामुदायिक प्रार्थनेत शेजारी कोणी बसावं, याला महाराजांनी जातीची किंवा धर्माची अट ठेवली नाही. "कोनाचा होय तू?" हे तिथे बसताना कोणी विचारायचं नाही.