घराचा विमा: भिंती कुणाच्या, सामान कुणाचं?

आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. बॉथेलमध्येच भाड्याच्या अपार्टमेंटमधून स्वतःच्या टाउनहोममध्ये जाणाऱ्या एका श्रोत्या ताईंनी विचारलंय, "घराचा आणि सामानाचा विमा एकत्र घ्यावा की वेगवेगळा? असोसिएशनला दर महिन्याला पैसे देतोच, मग त्यात विमा आलाच ना?"

थोडक्यात उत्तर असं: इथे एकत्र की वेगळा, हे बहुतेक वेळा घराच्या मालकीचा प्रकारच ठरवतो. दोन विम्यांच्या मध्ये फट राहत नाही ना, हे मात्र आपणच बघायचं.

भाड्याने राहत असाल, तर इमारतीचा विमा मालकाचा. तुमच्या सामानाला त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी रेंटर्स पॉलिसी. आग आपल्याच चुकीने लागते असंही नाही. जुलै २०१६ मध्ये आपल्या मेन स्ट्रीटजवळ बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागली आणि झळ आजूबाजूच्या दुकानांना बसली.

स्वतंत्र घर असेल, तर नेहमीची होमओनर्स पॉलिसी एकत्रच असते. बांधकाम, सामान, घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचा खर्च आणि कुणाला इजा झाल्यास येणारी जबाबदारी, हे सगळं त्यात येतं. कर्ज देणारी बँक बांधकामाची रक्कम तपासते. सामानाची रक्कम पुरेशी आहे का, हे तपासणारं कुणी नसतं.

खरी गंमत कॉन्डोची. तिथे असोसिएशनची मास्टर पॉलिसी इमारतीसाठी असते, आणि आतल्या बाजूसाठी व सामानासाठी आपण एचओ-६ ही पॉलिसी घेतो. पण 'आतली बाजू' कुठून सुरू होते? काही ठिकाणी मास्टर पॉलिसीत मूळची कपाटं आणि फरशीही येते, काही ठिकाणी ती भिंतीपाशीच थांबते. तुम्ही हौसेने बदललेलं स्वयंपाकघर तर बरेचदा बाहेरच राहतं.

समजा, वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला आणि तुमचं छत खाली आलं. मास्टर पॉलिसीचं डिडक्टिबल, म्हणजे आधी खिशातून भरायची रक्कम, २५ हजार डॉलर असेल, तर ती कुणी भरायची? नियमांप्रमाणे ती तुमच्यावरही येऊ शकते. म्हणून एचओ-६ मध्ये बांधकामाची रक्कम आणि 'लॉस असेसमेंट' या दोन ओळी नीट बघा.

आता ताईंचं टाउनहोम. दिसायला सारखी दोन टाउनहोम्स कागदावर वेगळी असू शकतात. एक कायद्याने कॉन्डो असतं, तर दुसऱ्याची जमीनसुद्धा मालकाची असते. दुसऱ्या प्रकारात छपरापासून पायापर्यंतचा विमा बहुधा तुम्हालाच काढावा लागतो. तिथे चुकून नुसती एचओ-६ घेतली, तर छप्पर कुणाच्याच विम्यात नाही! म्हणून असोसिएशनचं डिक्लरेशन आणि मास्टर पॉलिसी मागून घ्या, आणि दोन्ही एजंटला दाखवा.

दागिन्यांचंही बघा. नेहमीच्या पॉलिसीत चोरी झाल्यास दागिन्यांना मिळून मर्यादा साधारण १,५०० डॉलर असते. त्यात आजीच्या पाटल्या सोडाच, मंगळसूत्रही बसणं कठीण. मूल्यांकन करून दागिने पॉलिसीत वेगळे नोंदवता येतात.

आणि भूकंप व पूर? नेहमीच्या पॉलिसीत दोन्ही नाहीत. २८ फेब्रुवारी २००१ चा ६.८ तीव्रतेचा निस्क्वाली भूकंप इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. भूकंपाच्या विम्याचं डिडक्टिबल टक्क्यांत असतं. बांधकाम ६ लाखांचं आणि डिडक्टिबल १५ टक्के असेल, तर पहिले ९० हजार डॉलर आपले.

पुराच्या सरकारी विम्यात मात्र बांधकाम आणि सामान खरोखरच वेगवेगळं घ्यावं लागतं: घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख. नुसतं बांधकाम घेतलं, तर भिजलेल्या सोफ्याचे पैसे मिळत नाहीत. शिवाय साधारणपणे ३० दिवस थांबावं लागतं, त्यामुळे सॅमॅमिश नदी फुगल्यावर फोन करून उपयोग नाही.

इथे आपली गल्लत होते, कारण भारतात वेगळं आहे. तिकडे १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर आणि भूकंप धरलेले असतात. घराचा विमा घेतला की सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांचं संरक्षण मिळतं. पुण्यातला फ्लॅट बंद असेल, तर सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय का, एवढं सेक्रेटरींना जरूर विचारा.

तर ताई, किल्ल्या हातात येण्याआधी तीन प्रश्न विचारा: भिंती कुणाच्या विम्यात, डिडक्टिबल कुणाच्या खिशातून, आणि सामान किती रकमेचं? आणि आज रात्री फोन घेऊन प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, एक व्हिडिओ काढून ठेवा. दावा करायची वेळ आली, तर तो पुरावा फार कामाला येतो.

ती वेळ कुणावर न येवो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!