काटकसरीचे विमान

वैशाखात महालातील जुन्या वाड्याच्या गच्चीवर निजणाऱ्यास सोनेगावकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात; परंतु नागपूरची ही तापलेली हवा विमानाला किती नकोशी असते, हे त्याच्या सहसा ध्यानी येत नाही. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ असते. त्याच वेगात पंखांना मिळणारी उचल तितकी घटते, इंजिनाचा जोरही ओसरतो, आणि उड्डाणापूर्वीची धाव लांबते.

असल्याच उन्हात राबलेले यंत्र म्हणजे ‘वेस्टलँड वॉपिटी’. पहिल्या महायुद्धातील ‘डीएच-९ए’ विमानांचे सुटे भाग कोठारांत ढिगांनी पडून होते. नव्या विमानात ते शक्य तितके वापरावेत, अशी शर्त ब्रिटिश हवाई खात्याने घातली, आणि तीतून १९२७ साली हे दोन आसनांचे, दुपंखी विमान उडाले. साम्राज्याचा बंदोबस्त तर हवा, पण खजिन्यास तोशीस नको!

पंखांची दुहेरी जोडी हवेचा अडथळा वाढवी, वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासच राही; परंतु कमी वेगातही भरपूर उचल मिळे, हा तिचा लाभ. नाकाडावर ‘ब्रिस्टल ज्युपिटर’ इंजिनाचे नऊ सिलिंडर सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे उघड्या वाऱ्यात मांडलेले. रेडिएटर नाही, तेव्हा गळण्यास पाणीही नाही. वैमानिकाची मशिनगन फिरत्या पंख्यातून गोळ्या झाडी, आणि तरीही पात्यास इजा होत नसे. कारण तिचा चाप इंजिनाच्या फेऱ्यांशी जोडलेला असून पाते नळीसमोर असताना बार निघतच नसे. मागे नेमबाजाची दुसरी बंदूक, पंखांखाली बाँब.

१ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या द्रिघ रोड तळावर भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती अशा चार वॉपिटींवर. पुढे १९५४ मध्ये स्वतंत्र भारताच्या वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्याच तुकडीतले. याच विमानांतून आपल्या तरुणांना वझिरीस्तानातील टोळ्यांवर बाँब टाकावे लागले, हा जमाखर्च मात्र अभिमानाच्या भरात दडपला जातो. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ही म्हातारी यंत्रे मुंबईच्या सागरी गस्तीसही जुंपली गेली.

दिल्लीस जाणाऱ्याने पालमच्या वायुसेना संग्रहालयाकडे जरूर वाट वाकडी करावी. तिथे एक वॉपिटी अद्याप जपून ठेवलेली आहे.