फाल्गुनात न गळलेले केस

होळीला चार दिवस होते. परतवाड्यात एका ओळखीच्या घरी गेलो, तर अंगणात पांढऱ्या घोडीला खरारा चालला होता. वरातीची घोडी, अठरा वर्षांची. मालकांचा हात पाठीवरून, पुठ्ठ्यावरून फिरे तसे खराऱ्याच्या दात्यांत हिवाळ्याचे केस अडकत. ते झटकले की पिंजलेल्या कापसासारखे अंगणभर उडत. पण हात जबड्याखाली गेला की खरारा रिकामाच परत येई. मी बोटांनी चाचपून पाहिलं. तिथले केस पेरभर लांब, राठ, आणि ओढले तरी मुळाशी घट्ट. मागच्या पायांच्या नळीवर आणि पोटाखालीही तसेच.

"वय झालं न आता," मालक म्हणाले. "पह्यले कोनाले जवळ येऊ देत नव्हती. आता लहान पोरगंही हात लावते तिले. म्हातारपनी गरीब झाली बाप्पा."

जबड्याखालचे केस आणि गरीब झालेला स्वभाव, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून आलेल्या असू शकतात. ते ठिकाण म्हणजे मेंदूच्या तळाशी देठाने लोंबणारी दोन-तीन ग्रॅम वजनाची पीयूषिका ग्रंथी. हे कळल्यापासून म्हाताऱ्या घोड्याजवळून मला नुसतं पुढे जाववत नाही.

घोड्याच्या केसांत त्याचं भविष्य वाचायची आपली रीत जुनी आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात आजही लोक भोवरे पाहतात, गळ्याशी देवमण आहे का ते पाहतात, पंचकल्याणी घोड्याला जास्त किंमत देतात. शुभाशुभाचं सोडा, पण घोड्याचं अंग इतक्या बारकाईने पाहणारी नजर दुसरीकडे मिळणार नाही. त्या नजरेला मला फक्त आणखी एक जागा दाखवायची आहे.

ऊन वाढलं की घोडा केस टाकतो, असं आपण समजतो. खरं तर तो उन्हाची नव्हे, उजेडाची वाट पाहत असतो. डोळ्यांत किती तास उजेड शिरला याची खबर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला पोचते. रात्र जितकी लांब तितका वेळ ती मेलॅटोनिन सोडते. रात्री आखूड होऊ लागल्या की पीयूषिकेतून प्रोलॅक्टिन वाढतं आणि हिवाळ्याचे केस सुटू लागतात. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनचा साडेसोळा तासांवर जातो. आपल्या अमरावतीत हा फरक जेमतेम अडीच तासांचा: डिसेंबरात अकरा तासांना थोडा कमी, जूनमध्ये तेराहून थोडा जास्त. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो. घोड्याचं शरीर तो तीळ मोजतं.

आता ग्रंथीच्या आत जाऊ. तिचा एक भाग मधला, मध्यखंड. माणसात तो जवळजवळ नाममात्र उरला आहे, घोड्यात मात्र तो चांगला भरलेला असतो. तिथल्या पेशी एक लांबलचक प्रथिन बनवतात आणि त्याचे तुकडे पाडतात. एका तुकड्याचं नाव एसीटीएच, दुसरा केसांच्या आणि कातडीच्या रंगाशी नातं सांगणारा, तिसरा बीटा-एंडॉर्फिन, म्हणजे शरीराने स्वतःच तयार केलेली अफूच. या कारखान्याला लगाम असतो डोपामिनचा. वरून, हायपोथॅलॅमसमधून काही चेतातंतू खाली येतात आणि थेंबथेंब डोपामिन सोडून या पेशींना आवरून धरतात. घोडा म्हातारा होऊ लागला की काही जनावरांत हे तंतू झिजतात. लगाम सैल पडतो, मध्यखंड फुगत जातो आणि त्याचे सगळे तुकडे रक्तात भरमसाट उतरतात. स्वभाव मऊ पडण्याचं एक कारण त्या बीटा-एंडॉर्फिनमध्ये शोधलं जातं.

यालाच घोड्यातला कुशिंग म्हणतात. नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदू-शल्यविशारदाचं. 1932 मध्ये त्याने माणसातल्या अशा विकाराचं नातं पीयूषिकेतल्या गाठीशी जोडलं. पण माणसात ती गाठ पुढच्या खंडात असते, घोड्यात बिघाड मधल्या खंडात. म्हणून पशुवैद्यक हल्ली पीपीआयडी, म्हणजे पीयूषिकेच्या मध्यखंडाचा बिघाड, हे नाव पसंत करतात. मला याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच साम्याचं. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरणं ही गोष्ट माणसाच्या पार्किन्सनमध्येही घडते. तिथे हात थरथरतात, इथे केस गळायचे राहतात.

लांब, कुरळ्या लोकरीसारखे केस अंगभर वाढलेला घोडा पाहिला की कोणीही रोग ओळखेल. पण ती फार पुढची पायरी. सुरुवातीला केस नुसते उशिरा गळतात, किंवा सगळीकडचे गळून जबड्याखाली, गळ्यावर, पोटाखाली, पायांच्या मागे ठिगळासारखे राहतात. आपल्याकडच्या मारवाडी, काठियावाडी घोड्यांचे हिवाळ्याचे केस मुळातच आखूड, त्यामुळे ही ठिगळं नजरेपेक्षा बोटांना आधी लागतात. मग पाठीवरचं मांस उतरतं, कणा वर दिसतो आणि पोट मात्र सुटतं. मालक खुराक वाढवतात, पोट आणखी सुटतं, पाठ भरत नाही. जखम लवकर भरत नाही, जंत पुन्हापुन्हा होतात. पाठ उतरण्यामागे दातही असू शकतात, म्हणून आधी तोंड उघडून पाहायला हवं.

आणि डोळ्यांवरचे खड्डे! घोडा घेताना जाणता माणूस दातांबरोबर डोळ्यांवरची जागाही दाबून पाहतो, कारण वय वाढतं तशी ती खोल जाते. या रोगात काही घोड्यांच्या त्या खड्ड्यांत चरबी भरते. म्हातारी घोडी चेहऱ्याने तरणी दिसू लागते. अठरा वर्षांच्या घोडीच्या डोळ्यांवर फुगवटा दिसला तर मी हरखणार नाही, तिचा जबडा चाचपीन.

पुस्तकांत आणखी दोन खुणा दिलेल्या असतात: खूप तहान आणि खूप घाम. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कोणतं जनावर घामाघूम होत नाही? आपला उन्हाळा या दोन खुणा गिळून टाकतो. त्या इथे पौष-माघातच वाचता येतात, थंड सकाळी बादल्या मोजून. उलट केसांची खूण फाल्गुन-चैत्रात जितकी स्वच्छ दिसते तितकी एरवी दिसत नाही. कारण निरोगी घोडा तोवर तुळतुळीत झालेला असतो.

एवढी घाई कशासाठी, तर खुरासाठी. खुराची भिंत आतल्या हाडाला 550 ते 600 पदरांनी धरलेली असते आणि त्या प्रत्येक पदराला शंभरावर बारीक उपपदर असतात. तीन-साडेतीनशे किलोंचं जनावर त्या पदरांना टांगलेलं असतं. कुशिंग झालेल्या बऱ्याच घोड्यांच्या रक्तात इन्सुलिन चढतं, आणि चढलेलं इन्सुलिन हे पदर ताणतं, सोडवतं. घोडा मागच्या पायांवर भार टाकून पुढचे पाय पुढे ठेवतो, वळताना अडखळतो, खूर हाताला गरम लागतो, घोट्यापाशी नाडी ठणकते. हा लॅमिनायटिस. कित्येक घरांत रोग कळतो तो इथेच, म्हणजे फार उशिरा. अशा घोडीला अशक्त दिसते म्हणून गूळ-दाणा चारणं मायेचंच असतं, पण साखर तिच्या खुरांवर उठते. सुकं गवत आणि डॉक्टर सांगतील तेवढाच खुराक तिला मानवतो.

खात्री रक्ताने होते. रक्तातलं एसीटीएच मोजतात, आणि नमुना उन्हात राहिला तर ते मोडतं, म्हणून वऱ्हाडात नळी बर्फात ठेवूनच न्यावी लागते. त्यातही एक गंमत आहे. दिवस आखूड होऊ लागले की निरोगी घोड्यातही हा आकडा आपोआप चढतो, म्हणून भाद्रपद-आश्विनातला आकडा वाचताना महिना लक्षात घ्यावाच लागतो. आपल्या भागात विचारायला जागा आहे: अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था. आणि हा रोग दुर्मीळ नाही: ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांपैकी साधारण पाचात एकाला हा रोग निघाला होता. आपल्याकडे घोडेच कमी होत चाललेत. 2019 च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टं मिळून 3.4 लाख उरली, सात वर्षांत जवळपास निम्मी. घोडा कमी झाला की त्याचं अंग हाताने ओळखणारी माणसंही कमी होतात, याची मला खरी काळजी वाटते.

औषध आहे, पर्गोलाइड. मूळचं पार्किन्सनच्या रुग्णांचं. हृदयाच्या झडपांवर परिणाम दिसल्यामुळे अमेरिकेत 2007 मध्ये ते माणसांसाठी बंद झालं, घोड्यांसाठी मात्र पुढे मान्य झालं. झिजलेले तंतू ते परत आणत नाही. डोपामिनच्या जागी उभं राहून लगाम धरतं, म्हणून गोळी रोज आणि जन्मभर, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. गोळी लागू पडली तर पुढच्या हंगामात केस वेळेवर सुटतात, घोडी पुन्हा तरतरीत होते.

निघताना मालकांनी विचारलं, "मंग आता करू काय?" डॉक्टरांना बोलवा, आणि दरवर्षी केस कधी सुटायला लागतात ते लिहून ठेवा, म्हटलं. ते आत गेले. भिंतीवरच्या कालनिर्णयात, मार्चच्या पानावर, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली त्यांनी सावकाश लिहिलं: पाठ सुटली, जबडा नाही.