मोठा अल्टरनेटर आणि बारीक तार

आमच्या तालुक्याचें नांव केळापूर. पण तहसील कचेरी व मोठा बाजार पांढरकवड्यास. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वीं ७ होता व आतां ४४ आहे, तो येथूनच जातो. त्यामुळें मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांच्या दुकानांस येथें तोटा नाहीं. शाळा सुटल्यावर कांहीं विद्यार्थी त्या दुकानांशीं रेंगाळतात, अशी पालकांची तक्रार असते. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. आम्हीही तेथें थांबतों. जुन्या जीपगाडीस मोठा अल्टरनेटर बसवून घेण्याचें काम अशा ठिकाणीं पुष्कळदां पाहावयास मिळतें. परंतु तें बहुधा अर्धेंच केलें जातें. उरलेलें अर्धें काय, व तें न केल्यास काय होतें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

गाडीची बॅटरी ही विजेची कोठी आहे, विहीर नव्हे. जेवढें तींतून काढावें तेवढें पुन्हां भरावें लागतें, आणि तें भरण्याचें काम इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारें यंत्र करतें. चुंबक व तारेचें वेटोळें यांपैकीं एक दुसऱ्याजवळ फिरविलें असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध त्याच्या मुळाशीं आहे. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपगाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी व डायनॅमो असे. डायनॅमोचा मोठा दोष हा कीं, इंजिन सावकाश चालत असतां तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. अल्टरनेटरांत वेटोळीं स्थिर असतात व चुंबक फिरतो; निघालेली उलटसुलट वीज डायोड नांवाचे एकेरी दरवाजे सरळ करतात. अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें १९६० सालच्या आपल्या व्हॅलियंट गाडीस तो बसविला, आणि पुढें डायनॅमो मागें पडला.

आतां गाडीवाल्याची अडचण पाहूं. समजा, त्याच्या १२ व्होल्टच्या जीपचा अल्टरनेटर ३५ अँपिअरचा आहे. पुढील दोन दिवे प्रत्येकीं ६० वॅटचे. हौसेनें टपावर लावलेले चार दिवे प्रत्येकीं ५५ वॅटचे. मागील बारीक दिवे मिळून ४०. आणि गाणें वाजविणारी पेटी १२०. ही बेरीज ५०० वॅट होते. चालू गाडींत दाब सुमारें १४ व्होल्ट असतो. ५०० ला १४ नें भागिलें असतां ३५ हून थोडें अधिक येतें. म्हणजे यंत्राची सारी कमाई दिव्यांतच गेली, बॅटरीस शिल्लक कांहीं नाहीं. आणि गाडी उभी राहून इंजिन मंद चालूं लागलें कीं कमाईही पुष्कळ घटते. सकाळीं गाडी ढकलावी लागते. मग ७० अँपिअरचा अल्टरनेटर येतो. इथपर्यंत सर्व ठीक आहे.

पण त्या अल्टरनेटरापासून बॅटरीपर्यंत जाणारी तार जुनीच राहते! ती बदलावयाची कशास, असें विचारलें तर उत्तर येतें, "ती कुठें तुटली आहे?"

आमच्या शेतकरी पालकांस ही गोष्ट दुसऱ्या रूपानें ठाऊक आहे. खांबापासून दूर असलेल्या विहिरीवर बारीक तारेनें वीज नेली कीं मोटार नुसती घुमते, पाणी चढत नाहीं, आणि एके दिवशीं मोटार जळते. विजेचा कांहीं दाब वाटेंतच खर्च होतो व त्याची उष्णता होते. जीपमध्यें वाट केवळ ३ मीटरांची असते, परंतु १२ व्होल्टच्या घरांत अर्धा व्होल्ट गमावणें म्हणजे मोठीच चोरी होय.

हिशेब करून पाहूं. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांस तो सहज येईल. ६ चौरस मिलिमीटर जाडीची, ३ मीटर लांबीची तांब्याची तार घेतली तर तिचा रोध सुमारें ०.००८८ ओहम भरतो. ३५ अँपिअर प्रवाहास तींत ०.३ व्होल्ट दाब खर्च होतो व सुमारें ११ वॅट उष्णता निघते. प्रवाह ७० झाला कीं दाबाची हानि दुप्पट, ०.६ व्होल्ट. पण उष्णता दुप्पट होत नाहीं, ती चौपट होते. कारण ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते. ११ चे ४३ वॅट झाले. त्यांत इंजिनाजवळची धग, आणि विदर्भांतील मे महिन्याचें ऊन. तांबें २० अंशांचें ७० अंशांवर गेलें कीं त्याचा रोध सुमारें पांचवा हिस्सा वाढतो, म्हणजे तापलेली तार आणखीच तापते.

येथें एक चतुर विद्यार्थी विचारील कीं, दिवे तेच, मग ७० अँपिअर वाहतीलच कशास? प्रश्न रास्त आहे. यंत्र ७० देऊं शकतें, नेहमीं देतें असें नव्हे. परंतु उतरलेली बॅटरी अधाशासारखी वीज ओढते, आणि रात्रीं सर्व दिवे लागलेले असतां तशी बॅटरी भरूं लागली कीं पुरे ७० वाहतात. जुना अल्टरनेटर आपल्या दुबळेपणानेंच तारेस सांभाळीत होता.

सर्वांत वाईट जागा तारेची नसून जोडाची असते. ढिल्या नटाखालीं केवळ शंभरांश ओहम रोध आला तरी ७० अँपिअरला ४९ वॅट उष्णता त्या एका ठिकाणीं निघते. डाख देण्याचें विजेचें यंत्र साधारण तितक्याच शक्तीनें कथील वितळवितें. जुन्या जीपगाड्यांत सारा प्रवाह फळीवरील अँपिअर-मापकांतून फिरून येतो, आणि असा जोड तेथेंच सांपडतो. नवरात्रांत केळापूरच्या जगदंबेच्या दर्शनास गेलेल्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची जीप परत येत असतां फळीमागून धूर निघाला. गाडींत सात माणसें, त्यांत दोन लहान मुलें. चालकानें सर्वांस उतरविलें व पान्यानें बॅटरीची तार सोडविली, म्हणून निभावलें. अल्टरनेटर नवा होता. मापकामागील तारेचें आवरण मात्र मेणासारखें ओघळलेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

तर करावयाचें काय? प्रवाह दुप्पट झाला असतां उष्णता पूर्वींइतकीच ठेवावयाची तर तार चौपट जाड हवी, म्हणजे ६ ची २४. बाजारांत २५ ची मिळते. अल्टरनेटरापासून ही तार थेट बॅटरीच्या धन टोकास न्यावी आणि मापकाच्या जागीं दाब दाखविणारा व्होल्टमापक बसवावा. बॅटरीच्या अगदीं जवळ सुमारें १०० अँपिअरचा फ्यूज हवा. तार घासून चासीस टेकली तर खरा कहर बॅटरी करते, ती क्षणांत शेंकडों अँपिअर ओतते. म्हणून पहारेकरी तिच्या दाराशीं असावा. थिंबल दाबयंत्रानें पक्कें दाबलेलें असावें. पक्कडीनें चेपलेलें नव्हे.

परतीची वाट तर बहुतेक सर्वच विसरतात. वीज जशी जाते तशी तिला परत यावेंही लागतें, आणि इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलें असतें. इंजिन व चासी यांमध्यें तांब्याची विणलेली जाड पट्टी, रंग व गंज खरवडून, घट्ट बसविली नाहीं तर पुढील सारा खर्च व्यर्थ आहे. पट्ट्याकडेही पाहावें, ७० अँपिअर देतांना अल्टरनेटर इंजिनाकडून दोन अश्वशक्तींच्या वर ओढूं शकतो, आणि सैल पट्टा घसरून किंचाळतो.

काम करतांना बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी, म्हणजे पाना चासीस लागून ठिणगी उडत नाहीं. इंजिन चालू असतां मात्र बॅटरी कदापि सोडूं नये. डायनॅमोच्या काळांतील कांहीं चालक असा प्रयोग ऐटीनें करून दाखवीत. अल्टरनेटराचे डायोड त्यानें तत्काळ जळूं शकतात.

काम झाल्यावर इंजिन थोडें वेगांत ठेवून सर्व दिवे लावावे. व्होल्टमापकाचें एक टोंक अल्टरनेटराच्या धन खिळ्यास व दुसरें बॅटरीच्या धन टोकास लावावें; मग तसेंच अल्टरनेटराचें अंग व बॅटरीचें ऋण टोंक. दोन्ही वेळां ०.२ व्होल्टच्या आंत आकडा यावा, आणि बॅटरीवर १४ च्या आसपास. वर सांगितलेल्या जीपवर दुरुस्तीनंतर धन बाजूस ०.१५ आला, पण ऋण बाजूस ०.५! पट्टीखालचा रंग खरवडावयाचा राहिला होता. तो खरवडला तेव्हां ०.१ आला.