ठोका आणि फटाका

लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला, तेव्हा गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर मोटारसायकली मोजक्याच होत्या. राजदूत, येझदी, आणि मधूनच एखादी बुलेट. नांदेडला वजिराबादेतही तेच चित्र. बुलेट असायची ती फौजदाराकडे, मोंढ्यातल्या एखाद्या अडत्याकडे, नाहीतर ऊसवाल्या बागायतदाराकडे. या चाळीस-बेचाळीस वर्षांत ती गाडी आमच्याकडे घरोघरी पोहोचली आणि पोहोचता पोहोचता तिचा आवाज पार बदलला. या बदलाची नीट नोंद व्हायला हवी, कारण आज दोन्ही शहरांत रात्रीची झोप आणि पोरांचा अभ्यास मोडणाऱ्या आवाजांत डीजेच्या खालोखाल नंबर लागतो तो बुलेटच्या सायलेन्सरचा.

जुनी बुलेट मुळात इंग्रजी गाडी. इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या कारखान्यात तिचा जन्म झाला. भारतीय लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, म्हणून ती इकडे आली आणि १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तिकडची मूळ कंपनी १९७० साली बंद पडली, इकडची चालत राहिली. त्यामुळे इंग्लंडात जे इंजिन संग्रहातल्या वस्तूंत जमा झालं होतं, ते औसा, उदगीर, देगलूरच्या रस्त्यांवर नव्या गाडीत मिळत होतं. किक मारण्याआधी अँपिअरचा काटा मधोमध आणायचा, डिकॉम्प्रेसर दाबायचा, मग पूर्ण अंग टाकून किक. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे नळी उंच आणि अरुंद. असं इंजिन सावकाश फिरतं, म्हणून त्याचा एकेक ठोका कानाला सुटा ऐकू येतो. तो ठोका जड होता, पण कर्कश नव्हता. कंपनीचा लांब सायलेन्सर त्यातला सगळा धारदारपणा आत जिरवून टाकायचा. गावात शिरणारी बुलेट कुणाची, हे ओसरीवरची म्हातारी माणसं ऐकून सांगत, आणि त्या ऐकण्यात वैताग नसे.

१९९४मध्ये कंपनी आयशर समूहात विलीन झाली. २००९-१०च्या सुमारास जुनं ओतीव लोखंडी इंजिन गेलं, नवं ॲल्युमिनियमचं आलं. गिअर डावीकडे गेले, सेल्फ आला, तेल गळणं थांबलं, आणि धुराच्या नियमांमुळे आवाजही मऊ झाला. बुलेटची मागणी वाढली ती नेमकी याच काळात. ज्यांनी जुनी बुलेट लहानपणी फक्त ऐकली होती, त्या पोरांच्या हाती ती आली तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी हरवलंय. मेकॅनिककडे पहिली फर्माईश सुरू झाली ती तिथून.

सुरुवातीला ही फर्माईश साधीच होती: ‘जाळी काढा.’ सायलेन्सरच्या शेपटाकडचा स्क्रू सोडायचा, पक्कड घालून आतली भोकाभोकांची नळी ओढायची. काजळीने ती घट्ट बसलेली असते, म्हणून दोन-चार ठोके द्यायचे. हातभर लांबीची, काळीकुट्ट नळी बाहेर येते आणि फरशीवर पडते. एवढंच काम. पण गाडीतला शांतपणा जो काही होता, तो त्या नळीत होता. इंजिनातून दाबाने सुटलेला वायू त्या भोकांतून विखुरतो, कप्प्याकप्प्यांत पसरतो, त्याचा जोर मोडतो. नळी गेली की प्रत्येक स्फोट सरळ रस्त्यावर येतो. पुढे जाळी काढण्याचीही गरज राहिली नाही. बाजारात तयार माल आला: पंजाबी, इंदोरी, गोल्डस्टार. बोल्ट सोडा, बोल्ट लावा, अर्ध्या तासात गाडी बदलली.

त्यानंतर आला फटाका. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची आणि पुन्हा चालू करायची. मधल्या क्षणात न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि ठिणगी परत आली की तिथेच भडकतं. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. यात वेग वाढत नाही, ताकद वाढत नाही, उलट एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. इंजिनावर खरं प्रेम असलेला कुठलाही जुना मेकॅनिक हे करणाऱ्या पोराला दुकानातून हाकलून देईल, आणि असे हाकलणारे मेकॅनिक लातुरात आणि नांदेडात आहेतही.

गोल्डस्टारपाशी मात्र थांबायला हवं, कारण त्या सायलेन्सरचं घराणं जिथलं आहे, तिथे हाच तंटा शंभर वर्षांपूर्वी झाला होता आणि सुटलाही होता.

इंग्लंडमध्ये सरे परगण्यात वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स नावाचा ट्रॅक १९०७ साली सुरू झाला. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्याच जमिनीवर, आपल्याच पैशाने काँक्रीटचा हा गोल बांधला. खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला तो जगातला पहिला ट्रॅक. उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत एस. एफ. एज या चालकाने तिथे सलग चोवीस तास गाडी हाकली, ताशी सरासरी सुमारे १०६ किलोमीटरने. विक्रम झाला, पण आजूबाजूच्या बंगल्यांतली माणसं रात्रभर जागी राहिली. त्यांनी इतकी ओरड केली, की पुढे रात्री गाड्या पळवणं बंदच झालं. तरीही दिवसाचा त्रास राहिलाच. अखेर १९२४च्या सुमारास रहिवासी कोर्टात गेले आणि त्यातून नियम आला: ट्रॅकवर उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला, मोटार असो की मोटारसायकल, ठरावीक मापाचा सायलेन्सर सक्तीचा. शेवटी माशाच्या शेपटीसारखं चपटं तोंड असलेला तो मोठा डबा ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या नियमाने शर्यती मेल्या नाहीत, त्यांनी वाट काढली. चोवीस तासांची शर्यत हवी होती आणि रात्र बंद होती, म्हणून १९२९मध्ये ‘डबल ट्वेल्व्ह’ सुरू झाली. पहिल्या दिवशी बारा तास पळायचं, संध्याकाळी गाड्या कुलपात ठेवायच्या, रात्री कुणी हात लावायचा नाही, सकाळी पुन्हा बारा तास. १९३०ची शर्यत साडेसहा लिटरच्या अगडबंब बेंटलीने मारली. आणि पुढच्याच वर्षी, १९३१मध्ये, ती जिंकली एमजी मिजेट या चिमुकल्या गाडीने. तिचं इंजिन फक्त ७४६ सीसीचं होतं, आपल्या जुन्या मारुती ८००पेक्षाही लहान. इंजिनाच्या मापाप्रमाणे सवलत देण्याची पद्धत होती, तिचा तिला फायदा झाला हे खरं. पण चालक अर्ल ऑफ मार्च आणि स्टॅनिलँड यांनी ती गाडी दोन दिवस न मोडता पळवली, हेही तितकंच खरं. छोट्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारींचा जो दबदबा पुढे जगभर झाला, त्याची सुरुवात सायलेन्सर लावून आणि रात्री गप्प बसून झाली.

त्याच ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांपेक्षा वेगाने फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सोन्याचा तारा मिळत असे. १९३७ साली वॉल हँडली याने बीएसए कंपनीच्या गाडीवर तो मिळवला आणि कंपनीने पुढच्या वर्षीच्या गाडीचं नावच गोल्ड स्टार ठेवलं. सायलेन्सर सक्तीचा असलेल्या ट्रॅकवर मिळालेला तारा! ज्या नळकांड्यावर आज आमच्याकडे ते नाव आहे, त्यात जाळी नावालाही नसते. हे मला मनापासून खुपतं. वेगाचा मान आवाज आवरून मिळवला गेला होता, आणि आम्ही वेग सोडून आवाज तेवढा घेतला.

इंग्लंडात आजही जुन्या गाड्यांच्या शर्यती होतात, आणि शर्यतीआधी आवाज मोजूनच गाडी ट्रॅकवर सोडतात. एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मीटर धरतात, इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर नेतात आणि आकडा लिहून घेतात. आकडा जास्त आला की गाडी परत, मग मालक कितीही मोठा असो.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे. त्यातला १२०वा नियम सायलेन्सरचाच आहे. १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना २००३पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले: वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहानंतर ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणून ४५ आणि ८० यांतलं अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे. २०१६च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल देऊन पोलिसांकडे आवाज मोजण्याची यंत्रं असलीच पाहिजेत असं बजावलं. २०१९च्या दुरुस्तीने दंड हजारावरून दहा हजारांपर्यंत गेला, तीन महिने परवाना रद्द होण्याची तरतूदही आली.

मग काय झालं? रोडरोलर आला. राज्यातल्या कितीतरी शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवण्याचे कार्यक्रम झाले. त्या कारवाईमागची तळमळ मी नाकारत नाही. काही आठवडे रस्ते खरोखर शांत होतात. पण रोलरखाली जातो तो विकलेला माल. विकणारं दुकान तसंच उघडं राहतं. शिवाय कुठला सायलेन्सर दोषी, हे बहुतेक वेळा कानाने ठरतं, मीटरने नाही. कानाने ठरलेल्या दंडावर पोरगं वाद घालतं, ओळखीच्या माणसाला फोन लावतं. कागदावर आकडा असला की वाद घालायला जागा उरत नाही.

लातूरची ट्युशन एरिया ज्याने मे महिन्याच्या तोंडावर पाहिली आहे, त्याला या आवाजाचा त्रास सांगायला नको. नीट परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते. एप्रिलचा पारा चाळिशीपार, होस्टेलच्या खोल्यांत चार-चार पोरं, खिडक्या सताड उघड्या कारण कूलरला हवा लागते. रात्री अकराला खालून फटाका वाजतो आणि अख्ख्या इमारतीच्या माना पुस्तकातून वर होतात. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमध्ये तर खिडकीआड पेशंट असतात. या दोन शहरांनी शिक्षण आणि उपचार यांवर आपलं पोट उभं केलंय. शांतता ही इथे धंद्याचीही गरज आहे.

पण बुलेटवाल्या पोरांनाही कुठेतरी जाऊ द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. गाडी पळवण्याची हौस हा गुन्हा नाही. मुंबईत एकेकाळी जुहूच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती झाल्या, मद्रासला शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षं झाल्या. नाशिकला रॅली होते, कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे. मराठवाड्याच्या या टोकाला मात्र काहीच नाही, म्हणून बायपास हाच ट्रॅक आणि रात्र हीच वेळ. लातूरची धावपट्टी बराच काळ नियमित प्रवासी सेवेविना राहिली आहे. परवानगी, रुग्णवाहिका, हेल्मेट, विमा हे सगळं रीतसर करून वर्षातून दोन रविवार तिथे पळू द्यावं, सकाळी आठ ते दुपारी चार. दारातच अर्ध्या मीटरवर मीटर धरावा आणि जाळी नसलेल्या गाडीला परत पाठवावं.

आणि बाकीच्या दिवसांसाठी पीयूसी केंद्रं आहेतच. एमएच २४ असो की एमएच २६, प्रत्येक गाडीला तिथे ठरल्या वेळी जावंच लागतं. आज तिथे नळी सायलेन्सरात घालून धूर तेवढा मोजतात. आवाजाचा मीटर त्याच टेबलावर ठेवता येईल, त्याच कागदावर दुसरा आकडा छापता येईल. राज्याच्या परिवहन खात्याने सुरुवात लातूर आणि नांदेडपासून करावी.